गुत्त्याच्या चिठ्ठीत 'सगळं धरून' लिहू नका

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक म्हणून गेले. लग्नातले रुसवेफुगवे मांडव उतरला की चार दिवसांत विरतात. घर बांधताना लागलेले भांडण मात्र घर उभे आहे तोवर उभे राहते. आपल्याच गावात जरा फिरून पाहा. ज्या मिस्त्रीने घर बांधले तो त्या दारावरून जात नाही, आणि चहाच्या टपरीवर मिस्त्रीचे नाव निघाले की मालक तोंड वाकडे करतो. एक म्हणतो, "माझे चाळीस हजार बुडवले." दुसरा म्हणतो, "काम अर्धवट टाकून गेला." दोघांना समोरासमोर बसवून शांतपणे विचारले तर बहुतेक वेळा कळते की लबाड कोणीच नव्हता. काम ठरले त्या दिवशी दोघांनी एकच शब्द उच्चारला होता आणि त्याचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगवेगळा होता. तो शब्द म्हणजे 'सगळं धरून'.

"मिस्त्री, सगळं धरून किती घेता?"

"सगळं धरून पावणेदोन लाख द्या, मालक."

झाले! नारळ फुटला, पेढा वाटला, इसार दिला, काम सुरू. मालकाच्या 'सगळं' मध्ये जिना आहे, ओटा आहे, पाण्याची टाकी आहे, संडासाचा खड्डाही आहे. मिस्त्रीच्या 'सगळं' मध्ये चार भिंती, स्लॅब आणि गिलावा एवढेच आहे. स्लॅब टाकून सेंट्रिंग निघेपर्यंत दोघेही खुशीत असतात. त्यानंतर मालक सहज म्हणतो, "आता जिन्याचं घ्या हाती." मिस्त्री म्हणतो, "जिना कुठं ठरला होता?" भांडणाचा पाया इथे पडतो.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की गुत्ते घेताना दरपत्रक नीट, बाबवार लिहून द्यावे, आणि ते लिहिण्याची पहिली जबाबदारी गुत्तेदाराने घ्यावी. मालक आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर बांधतो. त्याला छज्जा मापात धरतात की नाही हे माहीत नसते. गुत्तेदार वर्षाला चार-सहा कामे करतो. कुठे वाद होतो हे त्याला पाठ असते. ज्याला खड्डा दिसतो त्यानेच दुसऱ्याला सांगायचे असते.

माळवद गेले, स्लॅब आला

हिमायतनगर १९९९ मध्ये हदगावपासून वेगळे होऊन तालुका झाले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालुक्याच्या ठिकाणी काय आणि पैनगंगेच्या काठच्या खेड्यांत काय, माळवदाच्या आणि पत्र्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. सोयाबीन विकले, कापसाची वेचणी घरात आली की बांधकामे निघतात, ती मृगाच्या तोंडापर्यंत चालतात.

माळवदाच्या काळात गवंडी, सुतार गावातलेच. माती, दगड, लाकूड सर्वांच्या ओळखीचे. काम बहुधा रोजाने. संध्याकाळी रोज दिला की हिशेब फिटला. त्यात लिहिण्यासारखे फारसे नव्हते. आता एका घराला खड्डे खोदणारा वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, लोखंड बांधणारा वेगळा, गवंडी, फरशीवाला, लाईटवाला, नळवाला, रंगारी वेगळा. माल दहा दुकानांतून येतो. एवढ्या हातांतून जाणारे काम तोंडी ठरावाने पार पडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. घर बदलले, माल बदलला, पण ठरवण्याची रीत मात्र आपण माळवदाच्या काळातलीच ठेवली.

गंमत अशी की लिहिण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. गावातली जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली बांधायची असली तरी अंदाजपत्रक होते, त्यात प्रत्येक बाबीचे परिमाण, दर आणि रक्कम असते, आणि झालेले काम मापन पुस्तिकेत चढवल्याशिवाय बिल निघत नाही. सरकारी कामात इतर दोष असतील, ते नाहीत असे म्हणायचे नाही. पण त्या कागदाची ती एक सवय उचलण्यासारखी आहे. शाळेच्या खोलीला जी वही लागते, ती आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या घराला नको का?

माप कोणते?

सर्वांत जास्त भांडणे मापावरून होतात. उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. घर जोत्याला २२ बाय २५ फूट, म्हणजे ५५० चौरस फूट. स्लॅब चारही बाजूंनी दीड फूट बाहेर काढला तर तो २५ बाय २८, म्हणजे ७०० चौरस फूट होतो. मजुरीचा दर चौरस फुटाला २५० रुपये ठरला. मालक जोत्याचे माप धरून १ लाख ३७ हजार ५०० मोजतो. मिस्त्री स्लॅबचे माप धरून १ लाख ७५ हजार मागतो. फरक साडेसदतीस हजारांचा! दर दोघांना मान्य, घर दोघांसमोर उभे, तरी एवढा फरक. खोटे कोणी बोलत नाही. 'माप स्लॅबचे, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत' हे सहा शब्द चिठ्ठीत असते तर पुढचे काहीच झाले नसते.

गिलाव्याचेही तसेच. दार-खिडकीची जागा मापातून वजा करायची की नाही? बांधकामाच्या मापनासाठी भारतीय मानक १२०० आहे. त्याच्या गिलाव्याच्या भागात सांगितले आहे की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांचे भोक वजा करायचे नाही. त्याहून मोठे, पण तीन चौरस मीटरपर्यंतचे असेल तर भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायचे, कारण दाराच्या कडांना गिलावा करण्याची मेहनत दुसऱ्या बाजूत भरून निघते. तीन बाय सातचे नेहमीचे दार या दुसऱ्या प्रकारात बसते. हाच नियम पाळा अशी सक्ती खासगी कामात नाही. पण कोणता तरी एक नियम आधी लिहून ठेवा.

कामात काय नाही, ते आधी लिहा

दरपत्रकात काय करणार हे सगळेच लिहितात. काय करणार नाही हे कोणी लिहीत नाही. खरे तर वाद टाळणारी ओळ तीच. जोत्यातली मुरूम भरणी, जुने घर पाडून राडारोडा उचलणे, दारे-खिडक्या बसवणे, लाईटच्या पाईपसाठी भिंत फोडून पुन्हा बुजवणे, संडासाचा खड्डा, पाण्याची टाकी, कंपाउंड, ओटा, देवघराचा कोनाडा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीच हिशेब फिसकटतो. यांतले जे धरले नाही ते नावानिशी लिहा. मालक ते वाचून म्हणेल, "हे पण धरा की." मग धरा आणि त्याची रक्कम वाढवा. हे बोलणे पहिल्या दिवशी झाले तर तो सौदा असतो. शेवटच्या दिवशी झाले तर तेच भांडण ठरते.

पाण्याचेही लिहा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे स्लॅबवर कोण किती दिवस पाणी मारणार? स्लॅबला चीर गेली की मिस्त्री म्हणतो, "तुम्ही पाणी मारलं नाही." मालक म्हणतो, "तुम्ही सिमेंट कमी घातलं." हल्ली बहुतेक घरांना पीपीसी सिमेंट वापरतात. अशा सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस ओल राहिली पाहिजे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. टँकर कोणाचा, पाणी मारणारा माणूस कोणाचा, दिवस किती, हे तीन शब्दांत लिहिता येते.

लोखंडाची जाडी हा पैशापुरता प्रश्न नाही

मालासह गुत्ते दिले तर आणखी जपावे लागते. 'चांगलं सिमेंट, चांगलं लोखंड' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. सिमेंटची जात आणि कंपनी, कॉलममध्ये किती मिलिमीटरच्या किती सळया, रिंगा किती इंचांवर, स्लॅबची जाडी किती, विटा कुठल्या, हे लिहा. चार इंचांचा स्लॅब पाच इंचांचा केला तर वरच्या ७०० चौरस फुटांच्या घराला ५८ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून जास्त काँक्रीट वाढते आणि त्याला बारा-तेरा पोती सिमेंट जास्त लागते. स्लॅबची जाडी लिहिली नसेल तर हा बोजा कोणावर पडणार? सळई मोजायचीही सोपी रीत आहे. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरते, म्हणजे १२ मीटरची पूर्ण सळई साडेदहा किलोच्या थोडी वर गेली पाहिजे. काटा जवळच्या दुकानात असतोच.

आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली दबून गेले. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाचा जीव स्लॅबच्या घराकडे ओढला गेला. पुढे २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के आपल्या नांदेड जिल्ह्यातही जाणवले. नुसता स्लॅब टाकला म्हणजे घर भक्कम झाले, असे होत नाही. कॉलममध्ये लोखंड कमी, रिंगा लांब लांब, अशा घरावर स्लॅब म्हणजे डोक्यावर टांगलेले ओझे. म्हणून सळईचा आकडा चिठ्ठीत असणे हा रुपयांच्या पलीकडचा विषय आहे. तो आकडा इंजिनिअरकडून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजाने किंवा शेजाऱ्याच्या घरावरून तो ठरवू नका.

जमिनीखालचे कोणाला दिसते?

काळ्या जमिनीत पाया घेताना मुरूम किती फुटांवर लागेल हे खोदल्याशिवाय कळत नाही. पाच फूट धरले आणि आठ फूट जावे लागले तर? न दिसणाऱ्या गोष्टीचा ठोक भाव सांगणे म्हणजे जुगार आहे. त्यात कधी मिस्त्री बुडतो, कधी मालक. त्यापेक्षा सरळ लिहा : 'पाच फुटांपर्यंत याच रकमेत. त्याखाली दर कॉलमला दर फुटाला अमुक रुपये. माप दोघांनी मिळून घ्यायचे, खड्डा भरण्याआधी.' शेवटचे दोन शब्द विसरू नका. भरलेला खड्डा कोणी मोजू शकत नाही.

विहिरीच्या गुत्त्याला हीच गोष्ट दुप्पट लागू. आपल्याकडे विहीर अजून परसात ठरते. "सात परस खोदून देतो." परस कोणाचा? पाच फुटी माणसाचा की सहा फुटी? फुटांत लिहा. माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांचे दर वेगवेगळे लिहा. पाणी लागल्यावर उपसायची मोटार आणि तिचे डिझेल कोणाचे, सुरुंगाचा खर्च कोणाचा, मलबा किती लांब टाकायचा, हे लिहा. बोअरवाल्याशी ठरवताना किती फुटांपर्यंत एक दर, त्यापुढे काय दर, केसिंग पाईप दराच्या आत की बाहेर, आणि कोरडा गेला तर काय, हे गाडी उभी करण्याआधी विचारा. खोली मोजायची असेल तर एका रॉडची लांबी आधी टेपने मोजा, मग किती रॉड उतरले ते शेजारी बसून मोजा. रात्री दोन वाजता मशीनच्या आवाजात झालेला हिशेब सकाळी पटत नाही.

जादा काम आणि हप्ते

घर बांधताना मालकाचे मन बदलतेच. पाहुणे येतात, सासुरवाडीचे लोक येतात, कोणी म्हणते खिडकी इकडे हवी होती, कोणी म्हणते वर एक खोली काढून ठेवा. त्यात गैर काही नाही. गैर हे की मिस्त्री संकोचाने "करू की" म्हणतो आणि पैसे शेवटी सांगतो. जादा कामाला वहीचे एक वेगळे पान ठेवा. काम सांगितले त्याच दिवशी त्याची रक्कम लिहा, तारीख टाका, दोघांनी सही करा, मगच विटेला हात लावा. रक्कम ऐकून मालकाने बेत सोडला तर कोणाचेच नुकसान नाही.

हप्त्यांच्या बाबतीत दोन्हीकडून चूक होते. मालक म्हणतो, "हरभरा निघाला की देतो." मिस्त्रीला मात्र मजुरांना बाजाराच्या दिवशी पैसे द्यावेच लागतात. मजूर हरभरा निघेपर्यंत थांबत नाही, तो हैदराबादची गाडी धरतो. मग मिस्त्री व्याजाने पैसे उचलतो, नाही तर दुसऱ्या कामाचा इसार घेऊन तिकडे तोंड दाखवायला जातो. इकडचे काम लटकते. दुसरीकडे काही मिस्त्री निम्मे पैसे आधीच मागतात आणि पैसे हातात पडले की दिसत नाहीत. यावर तोड एकच, हप्ता कामाच्या टप्प्याला बांधा. दिलेले पैसे आणि झालेले काम दोन बैलांसारखे जोडीने चालले पाहिजेत. एक फार पुढे गेला की जू मोडते.

भावाचेही लिहून ठेवा. मालासह काम असेल तर दर कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे हवे. भाव चढतो तसा उतरतोही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी ठरलेल्या कामात हा फायदा कोणाचा? चढला तर मालकाने द्यायचे असे असेल, तर उतरला तेव्हा त्यालाच मिळाले पाहिजे. न्याय दोन्हीकडून सारखा लिहा.

घरकुलवाल्यांनी तर जास्तच जपावे

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात सपाट भागासाठी केंद्राने ठरवलेली मदत १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. नियमाप्रमाणे हे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे, सरकारने गुत्तेदार नेमायचा नाही. म्हणजे मिस्त्रीशी ठरवणारा, मोजणारा, पैसे देणारा एकटा लाभार्थी. तो बहुधा मजूर किंवा अल्पभूधारक. हप्ता खात्यावर येतो तो टप्प्याचा फोटो चढल्यावर. मिस्त्रीचे हप्ते या टप्प्यांशी जुळवून लिहिले नाहीत तर जोते होऊनही घर वर्षभर तसेच उघडे राहते, आणि बाई पावसाळ्यात पत्र्याच्या आडोशाला चूल मांडते. वाळूचेही पाहा. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत मोफत वाळूची तरतूद आहे. पण वाळू फुकट मिळाली तरी ट्रॅक्टरचे भाडे कोणाचे, हे लिहायलाच हवे. मोठ्या घरवाल्याचे चाळीस हजार गेले तर तो हळहळतो. घरकुलवाल्याचे वीस हजार गेले तर छप्परच राहून जाते.

चिठ्ठीचा नमुना

वरच्याच घराची चिठ्ठी कशी लिहावी, ती खाली देत आहोत. रकमा नमुन्याच्या आहेत, आपल्या कामाप्रमाणे बदला.

१) काम : २२ बाय २५ फुटांचे तळमजल्याचे घर. नकाशा सोबत, दोघांच्या सह्यांचा.

२) प्रकार : मजुरीचे गुत्ते. माल, पाणी, वीज मालकाची. सेंट्रिंगचे सामान गुत्तेदाराचे.

३) यात धरले : कॉलमचे खड्डे पाच फुटांपर्यंत, पाया, जोते, विटांचे बांधकाम, लिंटेल, चार इंचांचा स्लॅब, तीन फूट उंचीची गच्चीची भिंत, आतून-बाहेरून गिलावा, जिना.

४) यात धरले नाही : मुरूम भरणी, फरशी, रंग, लाईट, नळ, दारे-खिडक्या बसवणे, टाकी, संडासाचा खड्डा, कंपाउंड, जुने घर पाडणे.

५) माप : स्लॅबचे, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. २५ बाय २८, म्हणजे ७०० चौरस फूट.

६) रक्कम : ७०० चौरस फूट, दर २५० रुपये, म्हणजे १,७५,०००. जिना ठोक १५,०००. एकूण १,९०,००० रुपये.

७) हप्ते : इसार १०,०००. जोते झाल्यावर ४०,०००. लिंटेलपर्यंत बांधकाम झाल्यावर ३०,०००. स्लॅब टाकल्यावर ६०,०००. गिलावा झाल्यावर ४०,०००. काम संपून एक महिन्याने, गळती-चिरा पाहून, १०,०००.

८) पाच फुटांखाली खोदाई आणि जादा काम : दर आधी लिहून, दोघांच्या सहीने.

९) पाणी मारणे : दहा दिवस, माणूस मालकाचा.

१०) सुरुवात आणि शेवटची तारीख. माल वेळेवर न आल्यास तेवढे दिवस वाढवून.

११) दोघांच्या सह्या, एक साक्षीदार, तारीख. प्रत दोघांकडे.

वहीच्या एका पानात हे मावते. दोन प्रती करा आणि मोबाईलवर फोटो काढून एकमेकांना पाठवा. ज्याला वाचता येत नाही त्याला घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारी घरची बाई असेल तर फारच चांगले. कारण चुलीचा ओटा, मोरी, पाण्याची जागा यांचे प्रश्न तीच विचारते, आणि नेमके तेच चिठ्ठीत राहून गेलेले असतात.

कायदा काय म्हणतो?

तोंडी ठरावही ठरावच आहे, हे १८७२ चा भारतीय करार कायदा मानतो. एखाद्याने फुकट करायचे नाही अशा समजुतीने काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, असे त्याच कायद्याचे कलम ७० सांगते. पण किती ठरले होते आणि कशाचे, हे सिद्ध कोण करणार? साक्षीला येतो तो मेहुणा, आणि समोरून येतो तो साडू! केलेल्या कामाच्या पैशासाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. तीन वर्षे "आज देतो, उद्या देतो" मध्ये कधी सरली ते कळत नाही.

मालकाला आणखी एक दार उघडे आहे. घर बांधून देणे ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे. १९९३ च्या दुरुस्तीने ती त्यात आली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. त्यामुळे कामात खोट निघाली तर मालक दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या कामाला तिथे फी लागत नाही. मिस्त्रीला मात्र आपले बुडालेले पैसे मागायला त्या दारातून जाता येत नाही. त्याला दिवाणी कोर्टच. म्हणजे कागद नसल्याने दोघांत जास्त उघडा पडतो तो मिस्त्री. त्यानेच लिहिण्याचा जास्त आग्रह धरावा तो यासाठी.

साध्या चिठ्ठीला बाँडपेपर लागतो असा समज आहे, म्हणून लोक लिहायचेच टाळतात. काय ठरले ते लक्षात राहायला वहीचे पानही पुरते. काम मोठे असेल आणि करार उद्या कोर्टात दाखवायची वेळ येईल असे वाटत असेल, तर मुद्रांक शुल्काचे वकिलाला विचारून घ्या.

१५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कोर्टाची पायरी न चढता गावातच तंटा मिटावा हा तिचा हेतू. पण पंचांसमोर बसल्यावर कागदच नसेल तर पंच काय करणार? ते रकमेचे दोन तुकडे करतात आणि "घ्या मिटवून" म्हणतात. ज्याचे खरे होते त्याच्यावर अन्याय होतो, आणि पुढच्या वेळी तोही जास्तच मागून ठेवतो.

"आमच्यावर भरवसा नाही का?"

चिठ्ठीचे नाव काढले की हा प्रश्न येतोच. "चार पिढ्यांची ओळख, अन् आता सही मागता?" या बोलण्यात भावना खरी आहे. पण बी-बियाण्याच्या दुकानदाराकडून पावती घेताना आपण त्याचा अपमान करत नाही. सोयरिकीत देणे-घेणे ठरते तेव्हाही याद्या होतातच. जिथे नाते टिकवायचे असते तिथे तर आपण जास्त काळजीने मोजतो. अनोळखी माणसाशी भांडण झाले तर पैसे जातात. ओळखीच्याशी झाले तर पैसे जातात आणि माणूसही जातो.

दुसरी अडचण जास्त खरी आहे आणि ती मिस्त्री लोक बोलून दाखवतात. "आम्ही सगळं लिहून, खरा आकडा सांगितला की मालक दुसऱ्याकडं जातो. तो तीस हजारानं कमी सांगतो आणि काम पटकावतो." असे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नीट लिहिणाऱ्याची दोन-चार कामे सुटतील. म्हणून मालकांना सांगणे आहे की नुसत्या दोन रकमा शेजारी ठेवून निवड करू नका. स्वस्त सांगणाऱ्याला वरची चौथी ओळ लिहायला सांगा, 'यात धरले नाही' ती. लिहून देत असेल तर दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा आणि बेरीज पुन्हा करा. पुष्कळदा तीस हजारांचा फरक जिन्यात, गच्चीच्या भिंतीत आणि मापात दडलेला सापडतो. आणि लिहून द्यायला तो टाळत असेल तर ते तीस हजार पुढे कुठून वसूल होणार आहेत, हे ओळखून घ्या.

हे काम एकट्यादुकट्याने होण्यासारखे नाही. ग्रामपंचायतीने घरकुलाच्या मंजुरीच्या पत्रासोबत असा कोरा नमुना लाभार्थ्याच्या हातात द्यावा. झेरॉक्सचा खर्च तो किती! गावातल्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानदारांनी तो गल्ल्याशेजारी ठेवावा. त्यांचीही उधारी अशाच भांडणांत अडकते. मिस्त्री लोकांनी आपसांत बसून निदान मापाची एक रीत ठरवावी, म्हणजे एका गावात स्लॅबचे माप आणि शेजारच्या गावात जोत्याचे असा घोळ राहणार नाही.

यंदा ज्यांच्या घराचे नारळ फुटायचे आहेत त्यांनी नारळ आणण्याआधी एक वही आणावी. वीस रुपयांची चालेल.